मिंग दरबारातील पक्षकलह आणि राज्याचा अंत

१

चीनमधील मिंग घराण्याची सत्ता १३६८ मध्ये स्थापन झाली. १६४४ च्या एप्रिल महिन्यात शेवटच्या सम्राटाने पेकिंगच्या राजवाड्यामागील टेकडीवर गळफास लावून घेतला आणि उत्तर चीनपुरती ती संपली. या पावणेतीनशे वर्षांच्या राजवटीच्या अंताची जी कारणे परंपरेने सांगितली जातात, त्यांत दरबारी पक्षकलहाला अग्रस्थान मिळत आले आहे. या परंपरागत कथेची मांडणी सरळ आहे. एका बाजूस दुंगलिन विद्यापीठाशी निगडित असलेले निःस्पृह पंडित, दुसऱ्या बाजूस वेई जुंगश्येन हा खोजा आणि त्याचे हस्तक. दुर्जनांची सरशी झाली, सज्जनांचे बळी पडले आणि राज्य रसातळाला गेले, असा तिचा सारांश आहे.

या कथेत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु घटनाक्रम बारकाईने पाहिला असता ती अपुरी वाटू लागते. वेई जुंगश्येनची निरंकुश सत्ता १६२७ मध्ये संपली, तेव्हा ती उणीपुरी चार वर्षे टिकली होती. दरबारातील दुफळी मात्र तो उदयास येण्यापूर्वी तीस-चाळीस वर्षे चालू होती आणि त्याच्या मृत्यूनंतरही ती शमली नाही. १६४५ मध्ये मांचू सैन्य यांगत्से नदीच्या काठी येऊन ठेपले असताना नानकिंगच्या दरबारात जुन्याच याद्या नव्याने उघडल्या जात होत्या. जो कलह एका व्यक्तीच्या आधी सुरू होतो आणि तिच्या नंतरही टिकतो, त्याचे मूळ त्या व्यक्तीच्या दुष्टपणात शोधून भागत नाही.

मतभेद तर प्रत्येक दरबारात असतात. मिंग दरबारात ते मिटविण्याचा अधिकार असलेले कोणतेही विहित पद उरलेले नव्हते, हे तेथील वैगुण्य होय. त्यामुळे कारभाराचा प्रत्येक प्रश्न अखेरीस माणसाच्या शीलाचा प्रश्न बनत गेला आणि शीलाच्या वादात तडजोडीला जागा राहिली नाही. प्रस्तुत निबंधात या प्रक्रियेचा मागोवा घेतला आहे.

२

या वैगुण्याचा आरंभ घराण्याच्या संस्थापकापासून होतो. हुंगवू सम्राटाने १३८० मध्ये आपला मुख्य प्रधान हू वेईयुंग याला राजद्रोहाच्या आरोपावरून देहान्त शिक्षा दिली आणि त्याच्याबरोबर ते पदही कायमचे नष्ट केले. हे पद पुन्हा निर्माण करण्याची सूचना जो करील त्यालाही कठोर शासन व्हावे, असा दंडक त्याने वंशजांसाठी घालून दिला. सहा खात्यांचे मंत्री यापुढे थेट सम्राटाच्या हाताखाली आले. हुंगवूसारख्या अविश्रांत परिश्रम करणाऱ्या पुरुषाला हा भार पेलला. त्याच्या वारसांना तो पेलणे शक्य नव्हते.

ही उणीव भरून काढण्यासाठी हळूहळू दोन यंत्रणा उभ्या राहिल्या. पहिली म्हणजे महासचिवांचे अंतर्मंडळ. आलेल्या निवेदनांवर द्यावयाच्या उत्तराचा मसुदा तयार करणे हे त्यांचे काम. मूळ पद म्हणून महासचिवांचा दर्जा अवघा पाचव्या श्रेणीचा होता. खात्यांच्या मंत्र्यांना आज्ञा देण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना नव्हता. दुसरी यंत्रणा अंतःपुरातील खोज्यांची. खोज्यांनी राजकारणात हात घालू नये, असा हुंगवूचा सक्त हुकूम होता. पण १४२६ मध्ये राजवाड्यातच त्यांच्या शिक्षणासाठी पाठशाळा निघाली, आणि सम्राटाच्या वतीने लाल शाईने शेरा लिहिण्याचे काम पुढे राजोपचार-कचेरीतील खोज्यांच्या हाती गेले. मसुदा महासचिवाचा, लाल शेरा खोज्याचा आणि नाव सम्राटाचे, असा कारभार सुरू झाला. निर्णयाची जबाबदारी यांपैकी कोणाची, हे मात्र कोठेही लिहिलेले नव्हते.

याच्या जोडीला दोषनिरीक्षक अधिकाऱ्यांचा एक वर्ग होता. सम्राटापासून सामान्य अधिकाऱ्यापर्यंत कोणाचाही दोष निर्भयपणे दाखवून देणे हे त्यांचे कर्तव्य मानले जाई. पदाने ते कनिष्ठ, वयाने बहुधा तरुण; पण त्यांच्या निवेदनाने मोठमोठे मंत्री राजीनामे देत. शिवाय राजधानीतील अधिकाऱ्यांची दर सहा वर्षांनी गुणदोषपरीक्षा होत असे. तीत जो बडतर्फ झाला त्याला पुन्हा सेवेत घेऊ नये, असा प्रघात होता. दोष दाखविण्याची व्यवस्था इतकी चोख, आणि त्या दोषारोपाचा निवाडा करण्याची व्यवस्था मात्र एकट्या सम्राटाच्या इच्छेवर अवलंबून, अशी ही घडी होती.

३

प्रधानपद नसताना प्रधानकी कशी करावी लागते आणि तिची किंमत काय मोजावी लागते, हे जांग ज्यूजंगच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १५७२ मध्ये वानली सम्राट दहा वर्षांच्या आतील वयात गादीवर आला. तेव्हापासून १५८२ पर्यंत ज्येष्ठ महासचिव या नात्याने जांगने राज्याचा गाडा हाकला. त्याने जमिनीची नव्याने मोजणी करविली, विविध करांचे चांदीतील एकाच देण्यात रूपांतर करण्याच्या पद्धतीला चालना दिली, प्रत्येक खात्यातील प्रकरणांना मुदत बांधून दिली आणि खजिन्यात शिल्लक पाडली. परंतु हे सारे त्याने बालसम्राटाचा गुरू या नात्याने आणि फंग बाव या मुख्य खोज्याशी संधान बांधूनच साधले. कायद्याने त्याच्या हाती कोणताही अधिकार नव्हता.

१५७७ मध्ये त्याचे वडील वारले. शास्त्राप्रमाणे अधिकाऱ्याने सत्तावीस महिने पद सोडून सुतक पाळावयाचे. सम्राटाच्या आज्ञेने जांग पदावर राहिला. ज्यांनी त्याला विरोध केला, त्यांपैकी पाच जणांना दरबारात वेताच्या छड्यांनी फटके मारण्यात आले. वास्तविक प्रश्न राज्यकारभाराचा होता; पण तो पितृभक्तीचा ठरला, आणि सुधारणा करणारा मंत्री कुपुत्र ठरला. १५८२ मध्ये जांग वारला तेव्हा त्याच्या विरोधकांना संधी मिळाली. दोन वर्षांच्या आत त्याचे मरणोत्तर सन्मान रद्द झाले, घर जप्त झाले आणि थोरल्या मुलाने आत्महत्या केली.

या प्रकरणातून पुढील महासचिवांनी जो धडा घेतला तो राज्याला फार महाग पडला. धुरा खांद्यावर घेणाऱ्याचे काय होते हे त्यांनी पाहिले होते. तेव्हापासून ज्येष्ठ महासचिवाचे कसब सर्वांना सांभाळून घेण्यात आणि कशाचीही जबाबदारी अंगावर न येऊ देण्यात दिसू लागले. जे पाच जण फटके खाऊन वाचले त्यांतील झोऊ य्वानब्याव पुढे दुंगलिन पक्षातील एक आदरणीय पुरुष बनला. १६२० नंतर तो दोषनिरीक्षकांचा प्रमुख झाला, तेव्हा राज्याची अवस्था पाहून त्यानेच जांगच्या कर्तृत्वाची वाखाणणी केली आणि जांगचे पद त्याला मरणोत्तर परत देण्यात आले. ज्याच्यामुळे आपले हाड मोडले त्याची उणीव त्या वृद्धाला चाळीस वर्षांनी जाणवली.

४

पक्षभेदाला खरे टोक आले ते वारसाच्या प्रश्नावर. वानलीचा थोरला मुलगा १५८२ मध्ये वांग नावाच्या एका दासीपासून झाला. १५८६ मध्ये जंग या आवडत्या राणीला मुलगा झाला. सम्राटाचा कल धाकट्याकडे आहे हे उघड होते, आणि ज्येष्ठाचा हक्क डावलणे हा अधर्म आहे, असे अधिकाऱ्यांचे ठाम मत होते. पंधरा वर्षे हा वाद चालला. अखेर १६०१ मध्ये थोरल्याला युवराजपद मिळाले. धाकटा फूचा राजा झाला, पण तोही १६१४ पर्यंत राजधानी सोडून आपल्या जहागिरीवर, ल्वोयांगला, गेला नाही. या वादात अधिकाऱ्यांना सम्राटाचे मन वळविता आले नाही, तरी त्याचा हात रोखता आला. सम्राटाला अधिकाऱ्यांना नमविता आले नाही; मग तो त्यांच्यापासून दूर झाला.

दरबार भरविणे, मंत्र्यांना भेटी देणे त्याने जवळजवळ बंद केले. नको असलेल्या निवेदनांवर तो काहीच शेरा न मारता ती ठेवून देई. मंत्र्यांच्या, सुभेदारांच्या जागा रिकाम्या होत, त्या भरल्या जात नसत. मात्र पैशाच्या बाबतीत हा सम्राट उदासीन नव्हता. १५९६ पासून त्याने खाणींवरील आणि व्यापारावरील कर वसूल करण्यासाठी खोज्यांना प्रांतोप्रांती पाठविले. त्यांच्या जुलमाविरुद्ध १५९९ मध्ये लिनछिंगला आणि १६०१ मध्ये सूजोऊला नागरिकांनी दंगे केले. ल्यावदुंगच्या सीमेवरील प्रजाही या वसुलीने गांजली. पुढे मांचूंची चढाई प्रथम याच प्रदेशावर व्हावयाची होती.

सम्राटाने न्यायासन रिकामे सोडले, पण वाद थांबले नाहीत. आता निवाड्याची आशाच नसल्यामुळे वादी-प्रतिवादी एकमेकांना पदावरून घालविण्याच्या मागे लागले. त्यासाठी हाताशी असलेले एकमेव नियमबद्ध साधन म्हणजे ती सहा वर्षांची गुणदोषपरीक्षा.

५

१५९३ ची परीक्षा नेमणूक-खात्याचा मंत्री सुन लुंग आणि त्याचा सहकारी जाव नानशिंग यांनी घेतली. ती इतकी कडक होती की मंत्र्याचा भाचा आणि जाव नानशिंगचा व्याही हेही तीत सुटले नाहीत. महासचिवांची माणसेही गेली. त्यामुळे वरून रोष ओढवला आणि जाव नानशिंगच बडतर्फ झाला. दुसऱ्या वर्षी त्याच खात्यातील गू श्येनछंग याला, महासचिवपदासाठी सम्राटाला न रुचणारी नावे सुचविल्यावरून, घरी बसावे लागले. त्याने १६०४ मध्ये वूशी येथील दुंगलिन या सोंगकालीन विद्यापीठाचे पुनरुज्जीवन केले. तेथे धर्मग्रंथांवर व्याख्याने होत; पण धर्मचर्चेच्या अनुषंगाने राजकारणातील व्यक्तींचे गुणदोषही तोलले जात. दूरच्या वूशीत झालेल्या चर्चेचे पडसाद पेकिंगमधील नेमणुकांत उमटू लागले.

विरोधी गट प्रांतांच्या नावाने ओळखले जात : शानदुंगचा छी, हूग्वांगचा छू, जज्यांगचा ज. त्यांना कोणतेही समान तत्त्व नव्हते; दुंगलिनवाल्यांचा वरचष्मा नको एवढेच त्यांना एकत्र आणणारे सूत्र होते. १६११ च्या परीक्षेत पेकिंगमध्ये दुंगलिनच्या विरोधकांना काढण्यात आले, तर त्याच वर्षी दुय्यम राजधानी नानकिंग येथील परीक्षेत दुंगलिनच्या मित्रांना काढण्यात आले. एकाच राज्याच्या दोन राजधान्यांत, एकाच नियमानुसार, एकाच वर्षी उलटसुलट निकाल लागावेत, यापेक्षा त्या नियमाच्या ऱ्हासाचा वेगळा पुरावा नको. १६१७ मध्ये दुंगलिनची उरलीसुरली माणसे गेली.

याच सुमारास ज्यांना ‘तीन प्रकरणे’ म्हणतात ती घडली. १६१५ मध्ये लाठी घेतलेला एक मनुष्य युवराजाच्या वाड्यात घुसला. १६२० मध्ये हाच युवराज सम्राट झाला आणि महिन्याभरातच, एका अधिकाऱ्याने दिलेल्या तांबड्या गोळ्या घेतल्यानंतर, मरण पावला. त्यापाठोपाठ त्याच्या राणीला नव्या, अल्पवयीन सम्राटाच्या महालातून हलविण्यासाठी यांग ल्येन व झ्वो ग्वांगदोऊ या दुंगलिन-पक्षीयांनी पुढाकार घेतला. माथेफिरूचा हल्ला की जंग राणीचा कट? औषधाची चूक की विषप्रयोग? महाल सोडविणे ही स्वामिनिष्ठा की विधवेचा छळ? या प्रश्नांची उत्तरे ज्याने त्याने आपल्या पक्षाप्रमाणे दिली. पुढील पंचवीस वर्षे एखाद्याचा पक्ष ओळखण्याची कसोटी म्हणून ही तीन प्रकरणे वापरली गेली.

६

१६२० नंतर दुंगलिन पक्षाला सत्ता मिळाली. ती त्याने कशी वापरली, हा परंपरागत कथेतील सर्वांत नाजूक भाग आहे. १६२३ ची परीक्षा पुन्हा जाव नानशिंगच्या हाती आली. तीस वर्षांच्या वनवासानंतर परतलेल्या या वृद्धाच्या सचोटीविषयी शंका घेण्यास जागा नाही. परंतु चार प्रमुख विरोधकांना त्याने पुराणातील चार दुष्टांची उपमा देऊन काढून टाकले. विरोधकाला केवळ अकार्यक्षम ठरविले असते तर त्याला परतीची वाट राहिली असती. दुष्ट ठरविल्यावर ती उरली नाही. वेई ग्वांगवेई नावाचा एक महासचिव जाव नानशिंगच्या दिवंगत मित्राचा मुलगा होता. तो तीनदा भेटीस आला. तिन्ही वेळा त्याला दारातून परत जावे लागले. याच वेई ग्वांगवेईने पुढे अधिकाऱ्यांच्या छापील नामावलीत दुंगलिनवाल्यांच्या नावांवर खुणा करून ती खोजा वेई जुंगश्येनच्या हाती दिली.

वेई जुंगश्येन निरक्षर होता. सम्राटाच्या दाईशी असलेल्या सख्यामुळे तो राजोपचार-कचेरीत चढला. पुढे पूर्व कचेरी म्हणजे गुप्त पोलीसदलही त्याच्याकडे आले. तरुण थ्येनछी सम्राटाला राज्यकारभारापेक्षा सुतारकामाची गोडी अधिक होती. तथापि निरक्षर खोज्याला कोण कोणाचा आणि कोणत्या जुन्या प्रकरणात कोणाला गुंतवावे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते ज्ञान त्याला पदच्युत पंडितांनी पुरविले. एकाने तर दुंगलिनच्या १०८ जणांची यादी ‘श्वेइहू’ या कादंबरीतील १०८ दरोडेखोरांच्या धर्तीवर रचून दिली.

१६२४ मध्ये यांग ल्येनने वेईवर २४ आरोप करणारे निवेदन सादर केले. सम्राटाने ते फेटाळले. १६२५ मध्ये यांग ल्येन, झ्वो ग्वांगदोऊ, वेई दाजुंग यांच्यासह सहा जणांना तुरुंगात टाकण्यात आले, आणि सहाही जणांचा तेथे अंत झाला. प्रथम त्यांना महालाच्या प्रकरणात गुंतविण्याचा विचार होता. पण त्यात पैशाचा संबंध नव्हता. लाचलुचपतीचा आरोप ठेवला तर ‘रक्कम वसूल होईपर्यंत’ छळ करता येतो, म्हणून पराभूत सेनापती श्युंग थिंगबी याच्याकडून लाच घेतल्याचा आरोप रचला गेला. १६२६ मध्ये सूजोऊला जोऊ शुनछांगला अटक करण्यासाठी शिपाई आले तेव्हा लोकांनी दंगा केला. त्याबद्दल पाच सामान्य नागरिकांचा शिरच्छेद झाला. गाव पानलुंगने अटकेपूर्वी तळ्यात जीव दिला. त्याच वर्षी ‘तीन प्रकरणां’चा सरकारी इतिहास वेईच्या पक्षाच्या दृष्टीने लिहवून प्रसिद्ध करण्यात आला, आणि हांगजोऊपासून सुरुवात होऊन ठिकठिकाणी त्या जिवंत खोज्याची देवळे उभी राहिली.

या माणसांचे धैर्य लोकोत्तर होते. सूजोऊच्या त्या पाच नागरिकांची समाधी वेईच्या पाडलेल्या देवळाच्या जागेवर बांधली गेली, हा लोकांनी दिलेला निवाडा आहे. परंतु बळींचे धैर्य मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. वेईने वापरलेली हत्यारे — नावांची यादी, जुन्या प्रकरणांची उकरण, विरोधकाला कायमचा दुर्जन ठरविणे — दरबारात आधीपासूनच परजलेली होती. त्याने त्यांत तुरुंग आणि मृत्यू यांची भर घातली.

७

या कलहाचा राज्याच्या संरक्षणाशी थेट संबंध कसा आला, हे ल्यावदुंगच्या सीमेवर दिसते. १६१८ मध्ये नुरहाचीने फूशुन घेतले. १६१९ मध्ये सार्हू येथे मिंग सैन्याचा दारुण पराभव झाला. त्यानंतर श्युंग थिंगबीने तटबंदी आणि सावध बचाव या धोरणाने सीमा सावरली. पण तो चढाई करीत नाही, अशा तक्रारी होऊन १६२० मध्ये त्याला जावे लागले आणि १६२१ मध्ये शन्यांग व ल्यावयांग ही दोन्ही ठाणी पडली. त्याला परत बोलाविण्यात आले, पण बहुतेक सैन्य ग्वांगनिंगचा सुभेदार वांग ह्वाजन याच्या हाती ठेवून. वांगला युद्धमंत्र्याचा पाठिंबा होता. दुंगलिनला जवळचा असलेला ज्येष्ठ महासचिव ये श्यांगगाव हा परीक्षक या नात्याने वांगचा गुरू होता. त्याचाही कल तिकडेच होता. उलट श्युंग हा छू गटाचा समजला जाई. चढाई करावी की बचाव, हा लष्करी प्रश्न कोण कोणाचा माणूस या हिशेबाने सोडविला गेला. १६२२ मध्ये ग्वांगनिंग गेले. १६२५ मध्ये श्युंगचा शिरच्छेद होऊन त्याचे मस्तक सीमेवरील ठाण्यांतून फिरविण्यात आले. वांग ह्वाजन पुढे वेईच्या आश्रयाला गेला आणि त्याचा वध १६३२ पर्यंत लांबला. जो श्युंग कधीच दुंगलिनचा नव्हता, त्याच्याकडून लाच घेतल्याच्या आरोपाखाली दुंगलिनचे पुढारी मारले गेले, आणि जो त्यांचा म्हणून पुढे आला होता तो शत्रूच्या गोटात वाचला. राज्याची हानी मोजताना हा विपर्यास विसरता येत नाही.

याच युद्धासाठी १६१८ पासून जमिनीवर जादा पट्टी बसली. १६२० पर्यंत ती दर मू जमिनीस ९ ली इतकी वाढून वार्षिक आकारणी सुमारे ५२ लाख ताएलांवर गेली. १६३७ व १६३९ मध्ये बंडखोरांचा बीमोड आणि सैन्याचे शिक्षण यांसाठी आणखी दोन पट्ट्या आल्या. दुष्काळाने होरपळलेल्या शान्शी प्रांतात १६२८ पासून बंडे उसळली होती. १६२९ मध्ये काटकसरीसाठी सरकारी टपालठाणी कमी केली गेली. पुढे राजधानी घेणारा ली जीछंग हा अशाच एका ठाण्यावरचा नोकर होता.

८

१६२७ मध्ये गादीवर आलेला छुंगजंग सम्राट सोळा वर्षांचा होता. तो उद्योगी, काटकसरी आणि कर्तव्यदक्ष होता. काही आठवड्यांत त्याने वेईला हद्दपार केले. वाटेतच वेईने गळफास घेतला. १६२८ मध्ये तो एकतर्फी सरकारी इतिहास जाळण्यात आला. १६२९ मध्ये वेईच्या साथीदारांची यादी करण्याचे काम महासचिवांवर आले. त्यांनी चाळीस-पन्नास नावांवर भागविण्याचा प्रयत्न केला. सम्राटाला ते मान्य झाले नाही. अंतिम यादीत अडीचशेहून अधिक नावे आली. ज्यांनी मृत्यू घडवून आणले ते आणि ज्यांनी भीतीपोटी एखादे स्तुतिपर निवेदन लिहिले ते, शिक्षेत कमीअधिक असले तरी, एकाच कागदावर आले. या मंडळींपुढे आता एकच ध्येय राहिले — तशीच एक उलटी यादी घडविणे.

त्यांना संधी लवकरच मिळाली. १६२६ मध्ये निंगय्वानला नुरहाचीला माघार घ्यावयास लावणारा सेनापती य्वान छुंगह्वान याने १६२९ मध्ये माव वनलुंग या सहसेनापतीला स्वतःच्या अधिकारात मारले. त्याच वर्षाअखेर मांचू सैन्य दुसऱ्या खिंडींतून पेकिंगपर्यंत आले. य्वानवर फितुरीचा संशय घेण्यात आला आणि १६३० मध्ये त्याचे तुकडे तुकडे करून त्याला ठार करण्यात आले. या खटल्यात छ्येन लुंगशी या महासचिवाला गोवून १६२९ च्या यादीचा सूड उगविण्याचा प्रयत्न झाला. त्याला प्रथम देहान्त आणि नंतर हद्दपारीची शिक्षा झाली.

सम्राटाला पक्षांचा मनापासून तिटकारा होता. नेमकी हीच गोष्ट वन थीरन या धूर्त मंत्र्याने हेरली. १६२८ मध्ये भर दरबारात त्याने छ्येन छ्येनयी या दुंगलिनच्या विद्वानावर पक्षबाजीचा आरोप केला आणि स्वतः मात्र एकाकी, कोणत्याही गटात नसलेला, म्हणून उभा राहिला. सम्राटाने त्यालाच निवडले. १६३७ पर्यंत तो अंतर्मंडळात टिकला. बाकीच्यांना स्थैर्य नव्हते. सतरा वर्षांत सुमारे पन्नास महासचिव आले आणि गेले. वानलीने निवाडा करण्याचे टाळले होते. छुंगजंग फार झटपट आणि फार कठोरपणे निवाडे करीत होता. दोन्हींचा परिणाम एकच झाला : जबाबदारी घेण्यास कोणी पुढे येईना.

१६४२ मध्ये युद्धमंत्री छन शिनज्या याने सम्राटाच्याच संमतीने मांचूंशी तहाची गुप्त बोलणी चालविली होती. त्या संबंधीचा कागद नोकराच्या चुकीने राजपत्राकडे गेला आणि बोभाटा झाला. शत्रूशी तह हे पाप मानणाऱ्या दोषनिरीक्षकांनी काहूर उठविले. सम्राटाने हात झटकले आणि मंत्र्याचा वध झाला. १६४४ च्या आरंभी राजधानी नानकिंगला हलवावी, अशी सूचना आली. सम्राटाची इच्छा होती, पण ती मंत्र्यांनी बोलून दाखवावी अशी त्याची अपेक्षा होती. मंत्र्यांनी छन शिनज्याचे काय झाले ते पाहिले होते. कोणी बोलले नाही. एप्रिलमध्ये ली जीछंग राजधानीत शिरला.

९

नानकिंगमध्ये राज्य सावरण्याची संधी होती. दक्षिणेचे सुपीक प्रांत आणि मोठे सैन्य हाताशी होते. परंतु गादीवर बसवावयाचा कोणाला? रक्ताने सर्वांत जवळचा होता तो फूचा राजा, म्हणजे १५८६ मध्ये जन्मलेल्या त्या आवडत्या राजपुत्राचा मुलगा. त्याच्या आजीच्या विरोधात ज्यांनी अर्धशतक घालविले, त्या दुंगलिनच्या वारसांना सूडाचे भय वाटले आणि त्यांनी दुसऱ्या राजपुत्राचे नाव पुढे केले. मा शीयिंग आणि सेनापतींनी फूच्या राजाला गादीवर बसविले. माने आपला मित्र र्वान दाछंग याला पदावर आणले. आणि र्वानचे नाव १६२९ च्या यादीत होते. त्याने लगेच ली जीछंगच्या सेवेत गेलेल्यांची उलटी यादी सुरू केली.

१६४५ च्या वसंतात झ्वो ल्यांगयू या सेनापतीने दुष्ट मंत्र्यांना हटविण्याच्या घोषणेने वूछांगहून नानकिंगकडे कूच केले. मा शीयिंगने हुआई नदीवरील बचावातून सैन्य काढून त्याच्याविरुद्ध पाठविले. मे महिन्यात यांगजोऊ पडले, शी खफा धारातीर्थी पडला आणि जूनमध्ये नानकिंगने मांचूंपुढे दरवाजे उघडले. शरण जाणाऱ्यांत छ्येन छ्येनयीही होता. वारसाच्या ज्या वादाला साठ वर्षांपूर्वी पेकिंगमध्ये तोंड फुटले होते, त्याचा शेवट हा असा झाला.

१०

मिंग राज्य केवळ पक्षकलहाने बुडाले, असा याचा अर्थ घेता येणार नाही. हवामानातील थंडावा आणि अवर्षण, चांदीची आवक व किंमत यांतील चढउतार, लष्करी खर्चाचा बोजा, साथीचे रोग या कारणांवर अलीकडील संशोधनाने योग्य भर दिला आहे. परंतु संकटे येणे आणि संकटांना तोंड देण्याची शक्ती नसणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. ही शक्ती म्हणजे सेनापतीला वेळ देणे, कर कमी करणे, तह करणे, राजधानी हलविणे, असे अप्रिय निर्णय घेऊन ते निभावून नेण्याची शक्ती. ती ज्या यंत्रणेत असावयास हवी होती, ती यंत्रणाच तेथे नव्हती.

साधनांच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक आहे. १७३९ मध्ये पूर्ण झालेला ‘मिंग इतिहास’ हा या कालखंडाचा प्रमुख आधारग्रंथ. त्याच्या मसुद्यावर दीर्घकाळ परिश्रम करणारा वान सुथुंग हा ह्वांग झुंगशीचा शिष्य होता. आणि ह्वांगचे वडील १६२६ मध्ये वेईच्या तुरुंगात मेले होते. सज्जन-दुर्जनांची जी विभागणी आज इतिहास म्हणून समोर येते, ती अंशतः त्याच पक्षकलहातील एका बाजूची साक्ष आहे. तिच्यातील घटना बहुधा खऱ्या आहेत. तिच्यातील वर्गवारी तपासून घ्यावी लागते.

विशेष म्हणजे हा दोष सर्वांत स्पष्टपणे सांगितला तो ह्वांग झुंगशीनेच. बापाच्या मारेकऱ्यांवर कोर्टात हत्यार उगारणारा हा मुलगा १६६३ च्या सुमारास आपल्या राजनीतिविषयक ग्रंथात केवळ खोज्यांना दोष देऊन थांबला नाही. मिंग काळातील दुःशासनाची सुरुवात त्याने हुंगवूने प्रधानपद नष्ट केले त्या घटनेपाशी नेली, आणि सम्राटाला जे योग्य वाटेल तेच योग्य हे मान्य न करता न्यायान्यायाची चर्चा पाठशाळांत उघडपणे व्हावी, असे सुचविले. ज्याला सूडाचा सर्वांत मोठा अधिकार होता त्याने सूडाची यादी बाजूस ठेवून रिकाम्या राहिलेल्या पदाकडे बोट दाखविले.